सरकारी कागद, सार्वजनिक आकडेवारी आणि ग्रंथालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जातीच्या दाखल्यासाठी पुरावा शोधणारी कुटुंबं, गावाचा इतिहास लिहायला बसलेले निवृत्त शिक्षक, स्पर्धा परीक्षेची मुलं, वार्ताहर, ग्रामपंचायतीचे सदस्य, पीएचडीचे विद्यार्थी. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात ही मंडळी वेगवेगळ्या कामांसाठी येतात, पण त्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर महाराष्ट्रावर आहे, गोव्याचीही थोडी माहिती आहे.

सगळं ऑनलाइन असताना ग्रंथालयात कशाला यायचं?

सगळं ऑनलाइन नाही, आणि जे आहे ते शोधल्यावर सापडेलच असंही नाही. जुन्या मराठी पीडीएफ फायली बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर त्या नीट दिसतात, पण शोधपट्टीत मराठी शब्द टाकला की काहीच हाती लागत नाही. बाकीच्या फायली म्हणजे पानांचे नुसते फोटो. शिवाय खात्याचं संकेतस्थळ नव्याने बांधलं गेलं की जुने दुवे तुटतात. छापील प्रत मात्र कपाटात जिथे ठेवली तिथेच राहते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अनुभवी ग्रंथपाल तुमचा प्रश्न ऐकून ही माहिती कोणत्या खात्याने, कोणत्या नावाखाली आणि साधारण कोणत्या वर्षी छापली असेल, ते सांगू शकतो. कुठल्याही शोधपट्टीला हे अजून नीट जमलेलं नाही.

मग शोध सुरू कुठून करायचा?

विषयापासून नको. ‘पाणी’, ‘शेती’, ‘शिक्षण’ असे शब्द टाकले की हजारो नोंदी समोर येतात आणि माणूस कंटाळतो. आधी स्वतःला विचारा : हा कागद कुणी काढला असेल? केंद्राने की राज्याने? मंत्रालयातल्या विभागाने, जिल्हाधिकारी कार्यालयाने, जिल्हा परिषदेने की विधिमंडळाने? ग्रंथालयांत सरकारी प्रकाशनांची नोंद बहुधा लेखकाच्या नव्हे, तर खात्याच्या नावाने असते. त्यामुळे खातं कळलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्या वर्षी ते खातं कोणत्या नावाने ओळखलं जात होतं, तुमचा जिल्हा कोणत्या राज्यात होता, हे शोधणं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर एका शासन निर्णयाचा फोटो आला आहे. तो खरा आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न फार येतो आणि त्याचं उत्तर प्रत्येकाला यायला हवं. महाराष्ट्र शासनाच्या अलीकडच्या प्रत्येक जीआरच्या शेवटी साधारण असा मजकूर असतो : सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा संकेतांक अठरा अंकी असतो. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. कागदावर छापलेली तारीख आणि हे आठ अंक एकमेकांच्या जवळपास नसतील तर तिथेच शंका घ्या. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर जाऊन तो संकेतांक टाका. मूळ फाइल उघडली तर ती शेवटपर्यंत वाचा, कारण फिरणाऱ्या फोटोत बहुतेक वेळा पहिलंच पान असतं आणि अटी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतात.

जीआर वाचण्याचीही एक रीत आहे. वर विभागाचं नाव, मग क्रमांक. क्रमांकातलं ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक आणि सर्वांत शेवटी येतं ते कार्यासन, म्हणजे मंत्रालयातलं ते टेबल जिथे ही फाइल चालली. पुढे कधी माहिती अधिकारात अर्ज करायचा झाला तर कार्यासनाचं नाव फार उपयोगी पडतं. त्यानंतर ‘वाचा’ अशा शीर्षकाखाली आधीच्या शासन निर्णयांची यादी असते. वाचक ती यादी सोडून थेट निर्णयाच्या मजकुराकडे जातात. तसं करू नका. एखादी योजना कधी सुरू झाली, मध्ये कितीदा बदलली, कोणती अट कोणत्या वर्षी घुसली, हा सगळा माग त्या चार-पाच ओळींत असतो. यादीतला सर्वांत जुना जीआर काढा, मग त्याची ‘वाचा’ यादी बघा, असं मागे मागे जात राहा. संकेतस्थळावरचा धागा जिथे तुटतो, तिथून पुढे ग्रंथालयातल्या विभागवार बांधीव संकलनांची गरज लागते.

आणखी एक : ‘अधिक्रमित’ हा शब्द कुठे दिसतो का ते तपासा. नव्या निर्णयाने जुना अधिक्रमित केला असेल, म्हणजे जुन्याची जागा घेतली असेल, तर जुना कागद कितीही खरा असला तरी आज त्याचा उपयोग नाही. शुद्धिपत्रक आणि पूरकपत्र वेगळ्या तारखेने निघतात, म्हणून मूळ जीआरनंतरच्या काही महिन्यांतलेही कागद चाळावेत.

शासन निर्णय, परिपत्रक आणि अधिसूचना यांत फरक काय?

शासन निर्णय हा विभागाचा प्रशासकीय निर्णय असतो आणि तो राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघतो. परिपत्रकात बहुधा आधीच्या निर्णयाची अंमलबजावणी कशी करायची याच्या सूचना असतात. अधिसूचना एखाद्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून निघते आणि राजपत्रात, म्हणजे सरकारच्या गॅझेटात, प्रसिद्ध होते. कोर्टात किंवा सुनावणीत एखाद्या नियमाचा आधार द्यायचा असेल तर जीआर शोधत बसू नका, राजपत्र शोधा.

राजपत्रात नेमकं कुठे बघायचं?

महाराष्ट्र शासन राजपत्र भागांत विभागलेलं आहे आणि भाग माहीत नसेल तर शोध लांबतो. नाव बदलल्याच्या जाहिराती भाग दोनमध्ये येतात. महाराष्ट्राच्या कायद्यांखाली केलेले नियम आणि आदेश भाग चार-ब मध्ये. तातडीचं काही असेल तर ‘असाधारण’ अंक निघतो, आणि त्याचा क्रमांक साप्ताहिक अंकांपासून स्वतंत्र चालतो. अलीकडची राजपत्रं शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत वर्षवार बांधून ठेवलेले असतात. येताना निदान वर्ष आणि महिना घेऊन या.

संस्थानांची राजपत्रं निराळी. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो करवीर सरकारच्या गॅझेटातला. तो ब्रिटिश सरकारच्या कागदांत शोधत बसलात तर मिळणार नाही, कोल्हापूरच्या दफ्तरातच जावं लागेल.

मला माझ्या गावाची माहिती हवी आहे. एकच पुस्तक सांगा.

जिल्हा जनगणना पुस्तिका. सरकारने छापलेल्या सगळ्या पुस्तकांत सामान्य माणसाच्या सर्वांत कामाचं हेच, असं माझं ठाम मत आहे, आणि ते कपाटात धूळ खात पडलेलं दिसलं की वाईट वाटतं. १९५१ च्या जनगणनेपासून प्रत्येक जिल्ह्यासाठी अशा पुस्तिका निघत आल्या. त्यांत तालुकावार प्रत्येक गावाची ओळ असते : क्षेत्र, घरं, लोकसंख्या, अनुसूचित जाती आणि जमाती, साक्षर किती, शेतकरी किती, शेतमजूर किती. २०११ च्या पुस्तिकेच्या अ भागात गावात शाळा कुठपर्यंत आहे, दवाखाना, बँक, एसटी, पिण्याचं पाणी, नसेल तर किती लांब, ओलिताखाली किती जमीन, हेही दिलेलं आहे. ब भागात लोकसंख्येचा गाववार गोषवारा.

१९५१ ची आणि २०११ ची पुस्तिका शेजारी शेजारी उघडा. साठ वर्षांत गावात शेतमजुरांचं प्रमाण कसं बदललं, बायकांमधली साक्षरता कुठून कुठे आली, शेजारचं गाव धरणाखाली कसं गेलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. दोन गावांची नावं सारखी असतील तर २०११ मधला गावाचा सहा अंकी संकेतांक टिपून ठेवा, म्हणजे घोटाळा होणार नाही. जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर यांतल्या बऱ्याच पुस्तिका आहेत.

गावच्या जत्रेविषयी लिहीत असाल तर १९६१ च्या जनगणनेचा महाराष्ट्रातल्या जत्रा आणि सणांवरचा स्वतंत्र इंग्रजी खंड मागा. जनगणनेच्या खात्याने हेही काम केलं होतं, हे कित्येकांना माहीत नसतं.

१९५१ ची पुस्तिका मागितली, पण माझ्या जिल्ह्याची नाहीच म्हणतात.

बहुधा चुकीच्या राज्याखाली शोध झाला असेल. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झालं. १९५१ मध्ये परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते, तर नागपूर, अकोला, अमरावती, यवतमाळ मध्य प्रदेशात. त्या वर्षीच्या पुस्तिका त्या-त्या राज्याच्या नावाखाली ठेवलेल्या असतात. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबादमध्ये. त्यामुळे चंदगडच्या माणसाने कोल्हापूरचे जुने खंड कितीही चाळले तरी आपलं गाव सापडायचं नाही.

राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना वेगळे झाले, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये नंदुरबार आणि वाशीम, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर. रायगडचं जुनं नाव कुलाबा. धुळे-जळगाव म्हणजे आधीचे पश्चिम आणि पूर्व खानदेश, आणि त्याही आधी एकच खानदेश. आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं आली आहेत, पण जुन्या सूचीत ती नसणार. म्हणून दोन वर्षांची जिल्हावार आकडेवारी ताडून पाहण्याआधी दोन्ही वर्षी जिल्ह्याची हद्द तीच होती का, हे बघा. १९७१ चा उस्मानाबाद आणि १९९१ चा उस्मानाबाद यांची तुलना केली तर लोकसंख्या एकदम घटल्यासारखी दिसते. खरं कारण इतकंच की मध्ये लातूर वेगळा झाला.

माझ्या जिल्ह्याचं गॅझेटियर कोणतं?

गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची सर्वांगीण माहिती देणारा सरकारी ग्रंथ, राजपत्र (गॅझेट) नव्हे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशासाठी मुंबई इलाख्याची मालिका, जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेली. रत्नागिरी आणि सावंतवाडी १८८०, खानदेश १८८०, ठाणे १८८२, नाशिक १८८३, कुलाबा आणि जंजिरा १८८३, अहमदनगर, सोलापूर आणि बेळगाव १८८४, सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. पुण्याचा खंड १८८५ चा, तो तीन भागांत आहे. विदर्भासाठी ही मालिका कामाची नाही : वऱ्हाडाचं गॅझेटियर १८७० मध्ये लायल यांनी तयार केलं आणि नागपूरकडच्या जिल्ह्यांची मध्य प्रांताच्या मालिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. स्वातंत्र्यानंतर राज्याने नवी मालिका हाती घेतली, त्यात पुणे १९५४ आणि रत्नागिरी १९६२ असे खंड आले. हे काम आता राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाकडे आहे. जुने-नवे बरेच खंड ऑनलाइन वाचता येतात.

वाचताना एक भान ठेवा. हे ग्रंथ राज्यकर्त्यांनी राज्यकारभारासाठी लिहवून घेतले. पिकं, बाजार, रस्ते, मोजमापं यांची माहिती अमोल आहे. जातीजमातींच्या ‘स्वभावा’विषयी त्यांत जे लिहिलं आहे, ते त्या काळच्या साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे. ते जसंच्या तसं उतरवून गावाच्या इतिहासात घालू नका.

हैदराबाद गॅझेटियरमध्ये माझ्या पणजोबांचं नाव सापडेल का?

नाही. मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणाऱ्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर मराठवाड्यातली माणसं लांबून लांबून हे पुस्तक बघायला येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. गॅझेटियरमध्ये समाजांची माहिती आणि लोकसंख्येचे आकडे असतात. व्यक्तींची, कुटुंबांची नावं नसतात. तुमच्या घराण्याची नोंद शोधायची असेल तर ती गावपातळीवरच्या कागदांत : शाळेचं जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जुने फेरफार. हे कागद तहसील कार्यालय, भूमी अभिलेख आणि शाळेत असतात. मराठवाड्यातले बरेच उर्दूत आहेत, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातले मोडीत. ग्रंथालय इथे एवढंच करू शकतं की कोणता कागद कुठे मागायचा हे सांगेल आणि जाणकार मोडी वाचकाकडे पाठवेल. पण त्यामुळे चुकीच्या दारात घालवायचे हेलपाटे वाचतात.

सातबारा मिळेल का?

ग्रंथालयात नाही. चालू उतारा महाभूलेखवर, जुने स्कॅन केलेले उतारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’वर. ग्रंथालयात मिळेल ती त्यामागची कथा. इंग्रजांनी जमाबंदीची मोजणी इंदापूर तालुक्यातून १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्याकडून सुरू केली. पुढे तालुक्या-तालुक्याचे मोजणी अहवाल मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालिकेत छापले. सारा कसा ठरला, कोणत्या गावाला वरचा दर लागला, पाऊस आणि बाजारभाव काय होते, हे सगळं त्यांत आहे. हे अहवाल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात बघा. तिथल्या दुर्मीळ प्रकाशनांपैकी बराच भाग स्कॅन होऊन इंटरनेटवर खुला आहे.

ताजी आकडेवारी कुठे मिळेल?

शेवटची झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची लांबली, आता पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची जाहीर झाली आहे. तोवर गावपातळीचे एकसंध आकडे जुनेच वापरावे लागतील, आणि लिहिताना वर्ष टाकायला विसरू नये. जिल्ह्यासाठी अर्थ व संख्याशास्त्र संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ घ्या, राज्यासाठी अर्थसंकल्पाच्या आधी येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’. आरोग्य आणि पोषणासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं आहेत, पाचवी फेरी २०१९–२१ ची. आर्थिक पाहणीतल्या तक्त्यांखालच्या तळटिपा न वाचता आकडा उचलू नका, ‘अस्थायी’ असं लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी बदलतो.

कोणत्या ग्रंथालयात जाऊ?

मुंबईत नगरभवनातलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या पुस्तक प्रदान कायद्याखाली देशातल्या ज्या चार ग्रंथालयांना प्रकाशनांच्या प्रती द्याव्या लागतात, त्यांतलं हे एक. हा कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे, फक्त कार्यालयीन वापरासाठीची पुस्तकं सोडून. हस्तलिखित आणि मूळ दफ्तरासाठी पुराभिलेख संचालनालय, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, रुमालांत म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधलेलं. विधिमंडळातल्या चर्चांसाठी विधानमंडळाचं ग्रंथालय, संसदेसाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय.

गोव्यात पणजीच्या पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात १८३२ ची. १९६१ च्या आधीचं शोधायचं तर पोर्तुगीज राजपत्र ‘बोलेतीं’ लागेल आणि पोर्तुगीज वाचणारा माणूसही. नंतरचं गोव्याचं राजपत्र तीन मालिकांत निघतं. मुक्तीनंतरचं गोवा, दमण आणि दीवचं गॅझेटियर १९७९ चं.

तालुक्याच्या वाचनालयात यातलं काय असतं?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, आणि त्याखालची मान्यताप्राप्त वाचनालयं गावोगाव आहेत. संग्रह मात्र फार कमी-जास्त असतो. कुठे ‘लोकराज्य’ या सरकारी मासिकाचे जुने अंक आणि एखादं गॅझेटियर, कुठे तेही नाही. तरी आधी तिथेच जा. शंभर वर्षांच्या नगर वाचनालयांत जुने नगरपालिका अहवाल आणि संस्थानी छापील कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असतात. सूचीत त्यांची नोंद नसते, पण जुन्या ग्रंथपालांना ठाऊक असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करू की ग्रंथालयात शोधू?

आधी शोधा. छापून झालेली माहिती मागितली तर ‘संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ असं उत्तर तीस दिवसांनी येतं आणि महिना फुकट जातो. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते, ती आधी बघा. तरीही अर्ज लागलाच तर महाराष्ट्रात शुल्क दहा रुपये, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि विषय एकच. नेमका जीआर क्रमांक, तारीख आणि कार्यासन लिहिलेला अर्ज टोलवणं अवघड जातं. ते तीन तपशील ग्रंथालयातून मिळतात.

झेरॉक्स काढून छापता येईल का?

राजपत्रातला मजकूर, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल आणि न्यायनिर्णय पुन्हा छापायला कॉपीराइट कायदा साधारणपणे आडवा येत नाही. इतर सरकारी प्रकाशनांवर पहिल्या प्रकाशनापासून साठ वर्षं सरकारचा हक्क असतो. जुनी पानं झेरॉक्सच्या उष्णतेने आणि दाबाने तुटतात, म्हणून मोबाइलवर फोटो काढण्याची परवानगी मागा. पहिला फोटो मुखपृष्ठाचा घ्या, नाहीतर घरी गेल्यावर तक्ता कोणत्या पुस्तकातला हे आठवत नाही.

मी परदेशात राहतो. मला काही मिळेल का?

अमेरिकेत असाल तर कदाचित तुमच्याच विद्यापीठात. १९६२ पासून पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या योजनेखाली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतातली प्रकाशनं गोळा करून तिथल्या विद्यापीठांना पाठवली, त्यांत राज्य सरकारांची प्रकाशनंही होती. इथे वाळवीने खाल्लेला एखादा अहवाल शिकागोच्या कपाटात सुस्थितीत असू शकतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात १८४० ते १९२० पर्यंतचे ब्रिटिश हिंदुस्थानचे सांख्यिकी गोषवारे खुले आहेत. इंग्लंडमध्ये असाल तर ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दफ्तर.

येताना काय आणू?

ओळखपत्र, पेन्सिल (पुराभिलेखागारात शाईचं पेन चालत नाही), चार्ज केलेला मोबाइल. गावाचं नाव, जुना तालुका, जुना जिल्हा आणि अंदाजे वर्ष एका कागदावर लिहून आणा. पुराभिलेखागारात जाणार असाल तर आधी फोन करा, रुमाल बाहेर काढून द्यायला वेळ लागतो. आणि शोध कशासाठी हवा आहे ते मोकळेपणाने सांगा. दाखल्यासाठी, लेखासाठी की कोर्टासाठी, यावर साधी प्रत पुरेल की साक्षांकित प्रत लागेल हे ठरतं, आणि साक्षांकित प्रत ग्रंथालय देत नाही, ती मूळ कार्यालयाकडूनच घ्यावी लागते.